छोट्या कारखान्याचं वेब-सॉफ्टवेअर कुठे आणि कसं होस्ट करावं

ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), स्टोअरचा हिशेब, जॉब कार्ड, तपासणीचे रिपोर्ट, मशीनच्या देखभालीच्या नोंदी हे सगळं आता ब्राउझरमध्ये उघडतं. सॉफ्टवेअर निवडताना महिना-दोन महिने डेमो बघितले जातात. ते ठेवायचं कुठे, म्हणजे होस्टिंग, हे मात्र विकणारा सांगेल तसं पाच मिनिटांत उरकलं जातं. पुढे डोकेदुखी होते ती बहुतेक या दुसऱ्या निर्णयामुळे. वीस ते शंभर माणसं आणि स्वतंत्र आयटी विभाग नाही, अशा कारखान्याला धरून हा लेख लिहिला आहे. सॉफ्टवेअर कोणतंही असो, क्रम साधारण हाच राहतो.

पायरी १ : बंद पडलं तर काय थांबतं?

एक कोरा कागद घ्या. डिस्पॅच, स्टोअर, उत्पादन, तपासणी, खरेदी, हिशेब अशी कामं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे दोन आकडे मांडा. हे काम सॉफ्टवेअरशिवाय किती वेळ चालेल? आणि किती वेळाच्या नोंदी गेल्या तर त्या पुन्हा भरता येतील? हे आकडे मालकाने एकट्याने लिहू नयेत. स्टोअरकीपर आणि डिस्पॅचचा सुपरवायझर यांना सोबत बसवा, कारण खरी उत्तरं त्यांच्याकडे असतात.

हिशेबाचं काम दोन दिवस थांबलं तरी फारसं बिघडत नाही. पण माल गाडीत चढवून झालाय आणि चलन निघत नाही, अशा वेळी तासाभरात आरडाओरडा सुरू होतो. नोंदी गमावण्याचंही तसंच. खरेदीच्या चार ऑर्डरी पुन्हा टाइप करता येतील. दोन शिफ्टमध्ये कोणत्या बॅचला कोणत्या हीटचं (धातूच्या एका ओतीचं) मटेरियल लागलं, हे मात्र आठवणीतून कुणी लिहू शकत नाही.

हा कागद तयार झाला की होस्टिंगवाल्यांच्या जाहिरातींतले आकडे वाचता येतात. ‘९९.९ टक्के अपटाइम’ (सर्व्हर चालू असण्याचा वेळ) म्हणजे वर्षाला साधारण पावणेनऊ तास बंद. ९९.५ टक्के म्हणजे जवळजवळ ४४ तास. त्यात आधी कळवून घेतलेला मेंटेनन्स बहुतेक करारांत मोजत नाहीत, आणि तो ठेवतात ‘रात्री’. तुमची तिसरी शिफ्ट चालू असेल तर ती रात्र तुमच्या कामाचीच वेळ आहे. करार वाचताना ही एक ओळ शोधाच.

पायरी २ : चार वाटा

पहिली वाट भाड्याची : सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्याच सर्व्हरवर ते वापरायचं, दर माणशी दर महिना पैसे द्यायचे. दुसरी, डेटा सेंटरमधला व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा आपल्यापुरता भाड्याने घेतलेला भाग) किंवा क्लाऊड सर्व्हर घेऊन त्यावर आपलं सॉफ्टवेअर बसवायचं. तिसरी, कारखान्यातच सर्व्हर ठेवायचा. चौथी मिश्र : मुख्य सॉफ्टवेअर बाहेर, आणि मशीनचा डेटा गोळा करणं, लेबल छापणं यासाठी एक छोटा संगणक आत.

माझं मत स्पष्ट आहे. सर्व्हर सांभाळायला कुणीच नसेल तर भाड्याची वाट धरा आणि समाधानी राहा. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे बदल करायचे असतील, किंवा डेटा आपल्या ताब्यात हवा असेल, तर व्हीपीएस घ्या. पण ठरलेल्या मानधनावर त्याची देखभाल करणारा माणूस आधी शोधा आणि सर्व्हर नंतर. ‘बिघडलं की बोलावू’ या तत्त्वावर व्हीपीएस चालत नाही.

कारखान्यातला सर्व्हर स्वस्त वाटतो, कारण त्याचा खर्च एकदाच दिसतो. दिसत नाही ते बाकीचं : बिघडल्यावर बदलायची डिस्क, यूपीएसच्या बॅटऱ्या, एसी आणि कुलूप. मशीन शॉपच्या हवेत धातूची बारीक धूळ आणि कूलंटचा तेलकट अंश असतो. पंखा तो आत ओढतो, हीटसिंकवर थर बसतो, आणि धातूची धूळ विजेला वाट करून देते. सुपरवायझरच्या केबिनमध्ये टेबलाखाली ठेवलेला टॉवर वर्षभराने उघडून बघा, म्हणजे पटेल. इंटरनेट खरोखरच भरवशाचं नसेल तर आत सर्व्हर ठेवण्याला पर्याय नाही. मग त्याला बंद खोली आणि फिल्टर लावलेली रॅक तरी द्या.

भाड्याची वाट धरताना सही करण्याआधी हे लेखी विचारा. आमचा सगळा डेटा आम्हाला कोणत्या स्वरूपात मिळेल, पूर्ण डेटाबेस की नुसत्या एक्सेल फाइली? जोडलेली ड्रॉइंग आणि फोटो त्यात येतील का? पैसे भरणं थांबवल्यावर डेटा किती दिवस राहील? आमच्याच माणसाने चुकून काही उडवलं तर कालची प्रत परत लावून द्याल का, आणि त्याचे पैसे किती? चौथ्या प्रश्नावर विक्री प्रतिनिधी जरा घुटमळतो. उत्तर ईमेलवर मागा.

पायरी ३ : सर्व्हर केवढा?

एकूण कर्मचारी मोजू नका, एकाच वेळी स्क्रीन वापरणारे मोजा. ओडू या ईआरपी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतलं गणित सुरुवातीला चांगलं उपयोगी पडतं : एक वर्कर (सर्व्हरवर लोकांची कामं हाताळणारी एक प्रक्रिया) साधारण सहा जणांना पुरतो, आणि वर्करची कमाल संख्या म्हणजे सीपीयू कोअरची दुप्पट अधिक एक. चार कोअर असतील तर नऊ वर्कर. त्यातले आठ माणसांसाठी आणि एक वेळापत्रकावरच्या कामांसाठी ठेवला, तर पन्नासच्या आसपास लोक एका वेळी काम करू शकतात. मेमरीसाठी हलक्या वर्करला १५० एमबी आणि जड वर्करला १ जीबी धरतात, पाचात एक जड. म्हणजे नऊ वर्करना ३ जीबी. त्यावर डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टीम मिळवून ८ जीबी घेतली तर हात मोकळा राहतो.

सरासरी भारावर जाऊ नका. ऑफिसात भार दिवसभर पसरलेला असतो, कारखान्यात तो शिफ्ट बदलताना उसळतो. त्या वीस मिनिटांत सगळे ऑपरेटर उत्पादनाचे आकडे भरतात, स्टोअर उरलेला माल परत घेतं, आणि त्याच वेळी कुणीतरी प्लॅनिंगचा रन लावतो. प्लॅनिंगचा रन, मोठे रिपोर्ट आणि बॅकअप शिफ्टच्या मध्यावर ढकला. मोठा सर्व्हर घेण्याआधी एवढं करून बघा, बऱ्याचदा भागतं.

डिस्क भरते ती फोटोंनी. तपासणीत फोनवर काढलेला एक फोटो ३ ते ५ एमबी. रोज शंभर फोटो आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर ९० ते १५० जीबी होतात. ओरखड्याचा फोटो एवढा मोठा असण्याची गरज नाही. अपलोड होतानाच तो लहान करण्याची सोय बसवून घ्या. डिस्क एसएसडीच हवी, यावर चर्चा नको.

डेटा सेंटर शक्य तितकं जवळचं निवडा. दुसऱ्या खंडातल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला २०० मिलिसेकंद सहज लागतात. एका स्क्रीनमागे अशा दहा फेऱ्या एकामागोमाग झाल्या तर दोन सेकंद नुसती वाट बघण्यात जातात. ऑपरेटर दोनदा बटण दाबतो आणि नोंद दुहेरी होते.

पायरी ४ : सर्व्हर उभा करणं

लिनक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. हे अपडेट आपोआप लागतील असं ठेवा. लॉगिन पासवर्डने नको, कीने (संगणकात ठेवलेल्या गुप्त फाइलने) हवं. रूट या सर्वाधिकारी खात्याने थेट शिरण्याची सोय बंद करा.

फायरवॉलमध्ये जगासाठी फक्त ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट (सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं) आणि खाली सांगितलेल्या व्हीपीएनचा पोर्ट उघडे राहू द्या. डेटाबेसचे पोर्ट, म्हणजे पोस्टग्रेसचा ५४३२ आणि मारियाडीबीचा ३३०६, बाहेरून दिसताच कामा नयेत. ओडूचा ८०६९ सुद्धा थेट उघडा ठेवू नका. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा आणि मागचा पोर्ट सर्व्हरपुरताच ठेवा. ओडूत डेटाबेस तयार करण्याचं आणि उडवण्याचं एक वेगळं पान असतं. बसवणारा ते बंद करायला विसरतो आणि मास्टर पासवर्डही साधाच ठेवतो. पत्ता माहीत असलेल्या कुणालाही ते पान दिसतं, म्हणून ताब्यात घेतानाच ते तपासा. देखभालीसाठी आत शिरायचं ते वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या बंदिस्त वाटेने). आणि विंडोजवाल्यांसाठी खास : रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे रॅन्समवेअरला, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला, आमंत्रण.

एचटीटीपीएस (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सांकेतिक, सुरक्षित बोलणं) लागतंच. एक कारण सुरक्षेचं, दुसरं अगदी व्यवहारातलं : त्याशिवाय ब्राउझर कॅमेरा वापरू देत नाही, म्हणजे टॅबलेटवरून क्यूआर स्कॅन होणार नाही. त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ते ९० दिवस चालतं आणि आपोआप नवं होतं. विकतच्या प्रमाणपत्रांचीही कमाल मुदत टप्प्याटप्प्याने उतरते आहे : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. तेव्हा ‘वर्षातून एकदा हाताने लावू’ हा विचार सोडा.

डोमेन, सर्व्हरचं खातं आणि बॅकअपचं खातं, तिन्ही कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या ईमेलवर हवीत. व्हेंडरने ‘आमच्याकडेच राहू द्या, सोपं पडतं’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. भांडण झाल्यावर डोमेन सोडवून घेण्याइतकं कटकटीचं काम दुसरं नाही.

पायरी ५ : फ्लोअरवरची वस्तुस्थिती

होस्टिंगच्या बहुतेक सल्ल्यांत हा भाग नसतोच, आणि कारखान्यात सॉफ्टवेअर अडतं ते इथेच.

लेबलपासून सुरुवात करू. सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवर आणि प्रिंटर पॅकिंग टेबलावर. ब्राउझरमधून छापायला गेलं की आधी प्रिंटची खिडकी येते, मग पानाचा आकार, मग ‘पानात बसवा’ हा पर्याय. तो चालू राहिला की लेबल किंचित लहान छापलं जातं. डोळ्याला फरक दिसत नाही, पण बारकोडच्या बारीक रेघा एकमेकींना चिकटतात आणि ग्राहकाच्या गेटवरचा स्कॅनर ते वाचत नाही. यावर उपाय म्हणजे पॅकिंगजवळच्या संगणकावर छपाईचा एक छोटा प्रोग्राम बसवायचा. सर्व्हरकडून तो प्रिंटरच्या भाषेतला मजकूर घेतो, लेबल प्रिंटरसाठी बहुधा झेडपीएल, आणि जसाच्या तसा प्रिंटरला देतो. नेटवर्कवरचे लेबल प्रिंटर साधारणपणे ९१०० पोर्टवर ऐकतात. तो पोर्ट राउटरमधून बाहेर उघडून सर्व्हरला थेट प्रिंटरशी जोडायचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर ऐकू नका.

यूएसबी बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो, म्हणून तो कोणत्याही वेब-सॉफ्टवेअरमध्ये चालतो. दोनच गोष्टी बघा. कोडनंतर एंटर पाठवण्याची सेटिंग करून घ्या. आणि संगणकाचा कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर स्कॅनर भलतीच अक्षरं उमटवतो. स्कॅनर बिघडला म्हणून बदलायला काढण्याआधी उजव्या कोपऱ्यातली भाषा बघा. अशीच आणखी एक बाब : पीडीएफमध्ये मराठी मजकुराच्या जागी चौकोन आले तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो, सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवायचा राहिलेला असतो.

वजनकाट्याचं जरा अवघड आहे. तो बहुधा सीरियल केबलवर बोलतो आणि ब्राउझर ते सरळ वाचत नाही. क्रोमसारखे ब्राउझर परवानगी देऊन सीरियल पोर्ट वाचू शकतात, पण माझी पसंती शेजारी एक छोटा संगणक ठेवण्याला आहे. तो काटा वाचेल आणि वजन सॉफ्टवेअरला देईल.

वायफायचा नकाशा रिकाम्या शेडमध्ये काढू नका. भरलेल्या लोखंडी रॅकमागे सिग्नल मरतो. स्टोअर भरलेलं असताना टॅबलेट हातात घेऊन प्रत्येक गल्लीत फिरा आणि मगच ॲक्सेस पॉइंटच्या जागा ठरवा.

पायरी ६ : इंटरनेट गेलं तर

दोन लाइनी घ्या. त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या आणि दोन वेगळ्या मार्गांनी येणाऱ्या हव्यात, एक फायबर आणि एक मोबाइल. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन केबली एकाच ट्रकने तुटतात. राउटर आपोआप दुसऱ्या लाइनीवर जाणारा हवा, आणि तो खरंच जातो का ते कामाच्या वेळी केबल उपटून बघा. यूपीएस संगणकांना असतो, पण राउटर, स्विच आणि फायबरच्या डबीला द्यायचा राहतो. मग वीज गेली की संगणक सुरू आणि नेट बंद.

दोन्ही लाइनी गेल्या तर कागद. कोरी चलनं आणि जॉब कार्डं आधीच छापून ठेवा, पण त्यांची क्रमांक-मालिका वेगळी असू द्या. नेट परत आल्यावर हाताने लिहिलेली चलनं सॉफ्टवेअरमध्ये भरताना क्रमांक एकमेकांवर आदळणार नाहीत. हा गठ्ठा डिस्पॅचच्या खणात हवा, मालकाच्या कपाटात नको.

पायरी ७ : बॅकअप, म्हणजे खरं तर रिस्टोअर

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस उडवला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण वेळेला एकही धड कामी आली नाही. रोजची प्रत घेणारा प्रोग्राम आवृत्ती न जुळल्यामुळे गुपचूप नापास होत होता, आणि त्याच्या सूचनेचे ईमेलही पोचत नव्हते. योगायोगाने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तीवर निभावलं. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबूर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. बॅकअप त्याच आवारात ठेवलेल्या काही ग्राहकांच्या मूळ प्रतीही गेल्या आणि बॅकअपही. इंटरनेटचाच धंदा करणाऱ्यांची ही गत असेल तर आपण ‘प्रोव्हायडर बॅकअप घेतो’ यावर विसंबू नये.

जुना नियम अजून पक्का आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या कंपनीकडे. त्यात एक भर घाला : एक प्रत अशी हवी की सर्व्हर ताब्यात गेला तरी तिथून ती पुसता येणार नाही. रॅन्समवेअर आधी बॅकअप शोधतं. आणि रेड (एकच डेटा अनेक डिस्कवर ठेवणारी मांडणी) म्हणजे बॅकअप नव्हे. ते डिस्क बिघडण्यापासून वाचवतं, चुकीच्या बटणापासून नाही.

बॅकअपमध्ये नेमकं काय येतं, ते तपासा. ओडू जोडलेल्या फाइली डेटाबेसमध्ये न ठेवता डिस्कवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. नुसता डेटाबेस वाचवला तर प्रत्येक आयटम दिसेल, ड्रॉइंग मात्र एकही उघडणार नाही. ईआरपीनेक्स्ट या दुसऱ्या ईआरपीची बॅकअपची आज्ञा फाइलींचा पर्याय वेगळा दिल्याशिवाय फाइली घेत नाही. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक एन्क्रिप्शन की असते, ती हरवली तर साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत. तीही प्रतीसोबत जपा.

महिन्यातून एकदा तालीम करा. तात्पुरता सर्व्हर घ्या, काल रात्रीची प्रत त्यावर लावा, घड्याळ लावून वेळ मोजा. मग स्टोअरकीपरला समोर बसवा. कालचं शेवटचं चलन दिसतंय का? ठरावीक पाच आयटमचा स्टॉक जुळतोय का? एखादं ड्रॉइंग उघडतंय का? लागलेला वेळ पहिल्या पायरीच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर व्यवस्था बदला. एक सावधगिरी : प्रत सुरू करण्याआधी बाहेर जाणारे ईमेल आणि वेळापत्रकावरची कामं बंद करा. नाहीतर तालमीचा सर्व्हर ग्राहकांना थकबाकीची स्मरणपत्रं पाठवत सुटेल. ओडूत १६ व्या आवृत्तीपासून यासाठी तयार पर्याय आहे.

पायरी ८ : मशीनचं नेटवर्क वेगळं

पीएलसी (मशीन चालवणारे नियंत्रक) आणि सीएनसी मशीन ऑफिसच्या वायफायवर नकोत. मॉडबससारख्या मशीनशी बोलण्याच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये ओळख तपासण्याची सोयच नाही. ५०२ पोर्टपर्यंत जो पोचला त्याला मशीनशी बोलता येतं. मध्ये एक गेटवे ठेवा. तो मशीनकडून आकडे घेईल आणि बाहेरच्या सर्व्हरला पाठवेल, पण बाहेरून आत कुणी हाक मारू शकणार नाही. मार्च २०१९ मध्ये नॉर्स्क हायड्रो या नॉर्वेतल्या अॅल्युमिनियम कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा अनेक कारखाने हाताने चालवावे लागले. कंपनीने खंडणी दिली नाही, बॅकअपवरून सगळं परत उभं केलं.

पायरी ९ : रोजची देखभाल

सर्व्हरचा टाइम झोन आणि शिफ्टची तारीख आधीच ठरवा. सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर चालतो. त्यात रात्रपाळी बारा ओलांडते, म्हणून एकाच शिफ्टचं उत्पादन दोन तारखांत विभागलं जातं आणि सकाळच्या बैठकीत आकडे जुळत नाहीत. नोंदीत ‘शिफ्टची तारीख’ हा वेगळा रकाना ठेवला की वाद मिटतो.

सूचना चारच पुरेत : डिस्क ८० टक्के भरली, साइट उघडत नाही, प्रमाणपत्राची मुदत जवळ आली, काल रात्री बॅकअप झाला नाही. त्या दोन माणसांच्या फोनवर जाऊ द्या. एकाच माणसाकडे गेल्या तर तो नेमका लग्नाला गेलेला असतो.

सॉफ्टवेअरचे मोठे अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर लावा, महिनाअखेरीला कधीच नाही. अॅडमिन आणि हिशेबवाल्यांना दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं करा. ऑपरेटरसाठी सामाईक टॅबलेट असेल तर प्रत्येकाचा बॅज स्कॅन होऊ द्या, ‘लाइन१’ असं एकच खातं नको. नोकरी सोडणाऱ्याचं खातं शेवटच्या दिवशीच बंद व्हावं, उडवू मात्र नये, नाहीतर जुन्या नोंदींवरची नावं पुसली जातात.

पायरी १० : जुन्यावरून नव्यावर

तारीख निवडताना स्टॉक मोजणीला लागून निवडा, म्हणजे नव्या सर्व्हरवर सुरुवातीचा स्टॉक खरा असेल. आदल्या आठवड्यात डोमेनच्या नोंदीची टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे पत्ता बदलल्यावर सगळे संगणक काही मिनिटांत नव्या सर्व्हरवर जातील. बदल करण्याआधी जुन्या सर्व्हरवर नोंदी करणं पूर्ण बंद करा, मगच शेवटची प्रत घ्या. एका ब्राउझरमध्ये जुना टॅब उघडा राहिला आणि कुणी त्यात दोन इनवर्ड टाकले, तर ते पुढे कुणालाच सापडत नाहीत.

जुना सर्व्हर लगेच सोडू नका. फक्त वाचण्यापुरता तो ठेवा, निदान एक महिनाअखेर नव्यावर नीट पार पडेपर्यंत. त्यानंतर त्याची एक अखेरची पूर्ण प्रत काढा, ती दुसरीकडे लावून उघडते का बघा, मग डिस्क पुसा आणि भाडं बंद करा.